शंभूबुवांची घोडी आणि आमचा हेवी रॉक

समस्त नागपूरकर बंधुभगिनींनो, कृपया उभे राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून ऐकलं तरी चालेल, पण चेहरा गंभीर हवा. मी आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, जाहीर करते की या शहरात हेवी रॉक नावाचं संगीत प्रथम जन्माला आलं ते उंटाच्या हाडातून. तेही महाल भागातल्या एका गल्लीत, पाटोडीच्या रश्शाला फोडणी पडत असताना. त्या वेळी सुईण म्हणून मी एकटीच हजर होते, त्यामुळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही. दुसऱ्या कोणाचा दावा असेल, तर त्याने आपलं हाड घेऊन यावं.

हाडाचं आधी सांगते. माझे बाबा तंबोरे आणि सतारी दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि मागच्या दोन खोल्यांत आई, बाबा आणि मी असे आम्ही तिघं राहायचो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तारांच्या खाली, एक रुंद बुटकी घोडी असते. तारा तिच्या पाठीवरून जातात. बाबा ही घोडी उंटाच्या हाडाची करत. तिची पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते. बोट फिरवून कळणार नाही इतका बारीक उतार तिला असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, म्हणून तंबोरा नुसता टणकन वाजून गप्प बसत नाही, पोळं जागं झाल्यासारखा गुणगुणत राहतो. त्या गुणगुणण्याला जवारी म्हणतात. कानशीने तो उतार आणणं म्हणजे जवारी काढणं, आणि हे काम अख्ख्या विदर्भात बाबांच्या तोडीने करणारा कोणी नाही, असं बाबांचं स्पष्ट मत होतं. विनयाच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. मीही पडत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

काम मात्र बघण्यासारखं असायचं. कानशीचे दोन हात मारायचे, घोडी तारांखाली सरकवायची, तार आणि हाड यांच्यामध्ये सुताचा एक दोरा घालायचा, तो केसभर पुढे-मागे करायचा, मग भोपळ्याला गाल लावून डोळे मिटायचे. त्या वेळी घरात शिंकणं हा गुन्हा होता. आई कणीक तिंबायची थांबे. मी पाणी पीत असले तर तो घोट तोंडात तसाच धरून ठेवत असे. मग बाबा डोळे उघडत, स्वतःशीच "नाही" म्हणत आणि पुन्हा कानस उचलत. असं आठ-आठ दिवस चाले. कानशीचा एक हात जास्त पडला की घोडी वाया जायची. अशा वाया गेलेल्या घोड्या बाबा फेकत नसत. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात टाकत. आम्ही त्यांना पेन्शनर म्हणायचो. जमलेली घोडी मात्र मलमलच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या फळीवर जाई, आणि त्या फळीला हात लावायची आम्हा दोघींना सक्त मनाई होती.

बाबांच्या कानांना सुट्टी नसे. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की ते मान वर करून त्याची पेटीवरची पट्टी सांगत, "काळी दोन." पाण्याची टाकी रिकामी होत आली की तोच कूलर उतरून पांढरी दोनला येई, आणि बाबांनी सूर सांगितला की मी उठून बादलीने पाणी ओतायचं, अशी आमच्या घरची व्यवस्था. सायकलची घंटी, शेजारच्या मारुतीची घंटा, दूधवाल्याचं झाकण, सगळ्यांचा सूर त्यांना पाठ होता. एकदा आई खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होती तर हे दुकानातून ओरडले, "हा बत्ता बदल वं, धैवत ढिला लागून राहिला." आई म्हणाली, "अजी, चटणी तोंडाले लागते, कानाले नाही." तरी दुसऱ्या दिवशी बत्ता बदललेला होता. कोणी बदलला ते तिने सांगितलं नाही.

अशा घरात माझ्या मामाने गिटार आणून टाकली. मामा रेल्वेत होता. त्याच्याकडे विजेवर चालणारी हवाईयन गिटार होती. ही मांडीवर आडवी घेतात आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवून वाजवतात. मामा तिच्यावर सिनेमाची रडकी गाणी वाजवायचा. बदली झाली तेव्हा नव्या क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांची दया येऊन त्याने ती मला दिली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझं नाव वैजयंती, पण घरात, गल्लीत आणि कॉलेजात मी वैजूच होते, आणि बाबा रागावले की वैजे.

ज्या माणसाने बत्तासुद्धा सुरात लावून घेतला, त्याने माझी गिटार एकदाही मिळवून, म्हणजे सुरात लावून, दिली नाही. मी विनवलं, "बाबा, एवढी मिळवून द्या न. तुमचं पाच मिनिटांचं काम हाय."

"ज्याच्यात सूरच नाही, त्याले मिळवू काय?" बाबा म्हणाले. "बेसूर व्हायले माणूस आधी सुरात तर असला पाहिजे. तुझी ते फळी बेसूरबी नाही."

मग मी माझ्या बुद्धीप्रमाणे सहाही तारा षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम अशा तंबोऱ्यासारख्या लावून टाकल्या, कारण मला दुसरं काही लावताच येत नव्हतं. जगात गिटार अशी लावत नाहीत हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तोवर आमचा बँड तयार झाला होता.

बँडमध्ये आम्ही तिघं. गाणारा पप्पू, जरीपटका वस्तीतला. त्याच्या काकाचा मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा, त्यामुळे आमच्याकडे गाणं नसलं तरी भोंगे भरपूर. ड्रमवर बबन, ज्याचे वडील लग्नाचा बँड चालवत. पप्पूला त्याच्या पुण्याच्या मावसभावाने हेवी रॉकची एक कॅसेट पाठवली होती आणि ती ऐकल्यापासून तो केस कापेना. कॅसेट आमच्या घरीच वाजायची, कारण पप्पूच्या घरी ती लावली की त्याची आजी देवघरातून बाहेर येऊन टेपचं बटण बंद करी.

एका रविवारी आईने गोळाभात केला होता. भातात शिजलेले भरड्याचे गोळे फोडायचे, वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची, सोबत चिंचेचं सार. पप्पू आणि बबन जेवायला होते. कॅसेट चालू होती. बाबा नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घालून जेवत होते आणि एकाएकी त्यांनी चावणं थांबवलं. आम्हाला वाटलं गोळ्यात खडा आला.

"याच्यात गंधार काहून नाही?" बाबा म्हणाले.

पप्पू माझ्याकडे बघू लागला. गंधार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तो नाही याची जबाबदारी आपल्यावर येते की काय, अशी धास्ती त्याला वाटत होती.

"नुसते षड्ज अन् पंचम मारून राहिले. गंधार लपवून ठेवला," बाबा बोट हवेत नाचवत म्हणाले. "अरे, हा तर तंबोराच हाय! पिसाळलेला हाय फक्त."

तेवढ्यात गाण्यातला गिटारवाला एकटाच धावत सुटला, वर-खाली, वर-खाली, इतक्या वेगात की बबन तोंड उघडं टाकून ऐकत होता. बाबांनी मान डोलावली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. "हे पलटे हाय. रियाजाचे पलटे. याच्या गुरूनं याले पहाटे उठवून बसवलं असन."

पप्पूला इतका आनंद झाला की त्याने तोंडातला घास गिळलाच नाही. "काका, खरंच! माझा भाऊ सांगत होता. हे लोग लहानपणी त्यांचं क्लासिकल शिकतात. व्हायोलिनवाले, चर्चमधले बाजेवाले, दोन-तीनशे साल पुराने. त्यांच्याच ताना हे गिटारवर मारतात."

"म्हणजे चोरून राहिले म्हना."

"शिकून राहिले, काका."

"तेच ते. आम्हीबी दाराआडूनच शिकलो," बाबा म्हणाले. मग त्यांना आपण फार वाहवत गेलो असं वाटलं असावं. "पलटे बरे हाय. पण संगीत नाही. वाढ वं, भात वाढ."

आता हे लिहिताना माझी भाची शेजारच्या खोलीत बसली आहे. ती मोबाईलवर एका बोटाने तंबोरा सुरू करते आणि दुसऱ्या बोटाने गिटारचा आवाज हवा तितका फाडते. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी हा फाटका आवाज मिळवायला उंट मरावा लागे. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

कारण आमची अडचण नेमकी तीच होती. त्या वर्षी लांबत लांबत उन्हाळ्यात आलेल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाश्चात्त्य संगीताची स्पर्धा होती. गाणं आम्हीच बांधलं. शब्द पप्पूचे, त्यात 'आग' हा शब्द एकवीस वेळा येत होता. चाल माझी, आणि ती मी मुलतानी रागात बांधली होती, कारण आमची वेळ दुपारी चारची होती आणि मुलतानी हा दिवस कलतानाचा राग. हेवी रॉक असला म्हणून काय झालं, वेळ चुकवण्याइतकी लाज आमच्या घरात कोणी सोडली नव्हती. सगळं जमलं होतं, फक्त गिटार गोड वाजत होती.

"वैजू, यार, आवाज साफ येऊन राहिला," पप्पू हताश होऊन म्हणे. "साफ आवाज भजनाले ठीक हाय. अपने को फटा हुआ पाहिजे." आवाज फाडणारी डबी परदेशात मिळते, मुंबईतही एखाद्या दुकानात मिळत असेल, असं तो सांगे. नागपुरात मिळत नव्हती.

मला ती कल्पना सुचली तेव्हा बाबा दुकानात एका तंबोऱ्यावर दोरा सरकवत होते आणि आई पाटोडीच्या रश्शाला फोडणी देत होती. तंबोरा नुसता टणटण वाजत होता. दोरा केसभर सरकला आणि एकदम तारेला कंठ फुटला. ती गुणगुण, तो खरखरीत, पसरत जाणारा, दाताला झिणझिण्या आणणारा आवाज! कॅसेटमध्ये दुसरं काय होतं? बाबा दुपारचे आडवे झाल्यावर मी बिस्किटांचा डबा उघडला, एक पेन्शनर काढला, गिटारच्या तारांखाली सरकवला, आईच्या शिवणाच्या पेटीतला दोरा घातला आणि तार छेडली. मच्छर गुणगुणल्यासारखं झालं. दुसरा लावला तर बकरी ओरडली. पण मच्छर काय, बकरी काय, साफ आवाज गेला होता. हवाईयन गिटारच्या तारा मुळातच उंचावर असतात, त्यामुळे घोडी खाली सहज बसत होती. माझा शोध बरोबर होता. मला फक्त पेन्शनर नसलेली घोडी हवी होती.

आणि ती वरच्या फळीवर होती.

इथे मला शंभूबुवांना आणावं लागेल. शंभूबुवा आमच्या शहरातले सगळ्यांत मोठे गवई. आजारपणानंतर वर्षभर ते गायले नव्हते. येत्या रविवारी सकाळी पहिल्यांदा पुन्हा बैठकीला बसणार होते. त्यांच्या तंबोऱ्याची घोडी झिजली होती आणि नवी करायचं काम बाबांकडे आलं होतं. बाबांनी एक केली, बुवांनी तार छेडून सांगितलं, "गोड आहे, मधू. पण बोलत नाही." बाबांनी दुसरी केली, बुवा पुन्हा म्हणाले, "बोलत नाही." आणि जाताना, अगदी मायेने, म्हणाले, "तिसऱ्यांदा नाही जमलं तर मिरजेच्या कारागिरांकडे पाठवतो. तू मनाला लावून घेऊ नको."

मनाला लावून न घेण्याची गोष्टच नव्हती ती. शंभूबुवांचा तंबोरा मिरजेला गेला, की महिन्याभरात नागपूरच्या प्रत्येक गवयाचा तंबोरा मिरजेची वाट धरणार, हे गल्लीतल्या पानवाल्यालाही कळत होतं. बाबांचं जेवण कमी झालं. कूलर पांढरी दोनला उतरला तरी ते बोलेनात. दोनदा टाकी कोरडी पडली. एकोणीस दिवस त्यांनी त्या तिसऱ्या घोडीवर कानस चालवली. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती मलमलमध्ये गुंडाळून फळीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "आता याच्यापुढं मले येत नाही." त्या वाक्याने आई पोळी लाटायची थांबली. 'मले येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही दोघींनी त्यापूर्वी ऐकलेच नव्हते.

मग ते मौद्याला गेले. तिथल्या भजनी मंडळाच्या पेटीचं काम होतं; शनिवारी संध्याकाळी परतणार, रविवारी पहाटे बुवांचा शिष्य तंबोरा न्यायला येणार. आमची स्पर्धा शनिवारी चारला. मी हिशेब मांडला. दुपारी न्यायची, सहाच्या आत परत फळीवर. उंटाची तर काही हरकत असायचं कारण नव्हतं.

स्टुलावर चढून मी मलमल उतरवत होते तेव्हा आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी काही पाहिलं नाही," ती भिंतीला म्हणाली. "पण मले विचारलं तर मी खोटंबी बोलणार नाही. तुले समजलं काय?" मला समजलं होतं. मी तरी गेले. एकोणीस वर्षांच्या पोरीला जे समजतं ते तिच्या पायांपर्यंत पोचत नाही.

सभागृहात पप्पूच्या काकांचे चार भोंगे लागले होते. मी विंगेत बसून घोडी तारांखाली सरकवली, दोरा घातला, केसभर मागे घेतला, केसभर पुढे. आणि तार छेडली. मी आजवर पुष्कळ आवाज ऐकले, पण तसा नाही. जमिनीतून वाघ उठावा तसा तो षड्ज उठला, त्यावर पंचम, आणि दोघं मिळून इतके मोठे झाले की पडद्याच्या कड्या खुळखुळल्या. पप्पूच्या डोळ्यांत पाणी आलं. बबनने ड्रमची काठी कपाळाला लावून नमस्कार केला.

तेवढ्यात निवेदक मुलाने येऊन सांगितलं, की पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षक मॅडम तापाने आजारी आहेत, म्हणून सकाळच्या शास्त्रीय गायनाच्या परीक्षकांनाच जेवायला घालून थांबवून घेतलं आहे. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत, टेबलामागे, समोर माईक, खांद्यावर शाल. शंभूबुवा.

वाचकहो, माघार घेता आली असती. पण पडदा ओढणारा मुलगा फार उत्साही निघाला.

आम्ही सुरुवात केली. पहिल्या ओळीला पोरांनी शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या 'आगी'ला मागचे बाक वाजायला लागले. मी खाली मान घालून कांडी फिरवत होते. मुलतानीतला तो चढा मध्यम, त्यावरून पंचमाशी येणारी मींड, भोंग्यांतून अशी काही फुटत होती की मला माझीच भीती वाटली. मग मी डोळे वर केले. बुवांनी शाल काढून ठेवली होती, डोळे मिटले होते, आणि त्यांचा उजवा हात हळूहळू वर येत होता. दाद द्यायला हात वर येतो तसा तो नव्हता. वाहतूक थांबवायला येतो तसा होता.

आम्ही थांबलो. अख्खं सभागृह थांबलं.

बुवांनी माईक जवळ ओढला. "मुली," ते म्हणाले, "मुलतानी वेळेवर आहे. त्याचं मग बघू. पण ही जवारी बाजारातली नाही. ही कोणाच्या तरी हातची आहे. कोणाच्या?"

नाव सांगितलं, तर उद्या पहाटे तंबोऱ्यात बसायची घोडी नाचगाण्यात आणून घासली हे कळणार, आणि बाबांचं नाव मिरजेच्या गाडीत बसून कायमचं जाणार. नाही सांगितलं, तर एकोणीस दिवसांच्या त्या कामाला मी पोरकं करणार. मी पप्पूकडे पाहिलं. पप्पू छताकडे पाहत होता.

"माझ्या हातची हाय, बुवा."

आवाज दारातून आला. बाबा उभे होते. पेटीचं काम लवकर आटोपलं, मौद्याहून दुपारच्या बसने ते परतले होते, रिकाम्या फळीकडे पाहून त्यांनी आईला विचारलं होतं आणि आई खोटं बोलली नव्हती. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, एका पायाला सायकलची क्लिप तशीच, खिशातून कानशीची मूठ बाहेर आलेली. पोरांनी वाट करून दिली. ते मधल्या वाटेने चालत टेबलापर्यंत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच विरघळले असते.

"तुमचीच घोडी हाय," ते हात जोडून म्हणाले. "तिसरी. माझ्या पोरीनं उचलून आणली. आता तिच्यावर गिटारच्या तारांचे चरे पडले असन. तुम्ही तंबोरा मिरजेला पाठवा. माझं म्हननं नाही काही."

असं म्हणायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते दारातून परत फिरू शकत होते.

बुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "काही वाजवू नको. नुसते षड्ज-पंचम धर. बाकीच्यांनी गप्प बसा."

मी उघड्या तारा छेडत राहिले. चार भोंग्यांतून तो पिसाळलेला तंबोरा सभागृहभर पसरला. बुवांनी घसा साफ केला, एकदा, दोनदा, वर्षभर न उघडलेला दरवाजा आधी हाताने चाचपावा तसा. आणि षड्ज लावला. आधी बारीक, कापरा. मग जवारीने त्याला खालून उचललं. मला दुसरा शब्द सापडत नाही. आवाज भरला, रुंद झाला, मुलतानीच्या निषादावरून सरळ चढ्या मध्यमाकडे गेला. मागच्या बाकांवरची पोरं, ज्यांनी सकाळी शास्त्रीय गायनाच्या वेळी कागदाची विमानं उडवली होती, श्वास रोखून उभी होती.

बुवांनी डोळे उघडले आणि टेबलावर थाप मारली. "बोलते रे, मधू! आता बोलते! चऱ्यांना हात लावू नको, तशीच बसव. कुठं मिरज घेऊन बसलास!"

बाबांनी टेबलाची कड धरली. ते हसत होते की रडत होते हे मला रंगमंचावरून दिसलं नाही, आणि नंतर विचारायची माझी छाती झाली नाही. आज ते असते तर दोन्ही नाकारलं असतं.

बबनला मात्र राहवलं नाही. त्याने हलकेच झांज वाजवली, मग ड्रम, मग सगळी ताकद. बुवांनी एक तान घेतली आणि ती नेमकी समेवर, बबनच्या मोठ्या ड्रमवर, आपटली. सभागृह फुटलं. पप्पूने बुवांकडे पाहून मान तुकवली आणि बेंबीच्या देठापासून 'आग' म्हणाला. बुवा वरून ताना टाकत होते, पोरं बाकांवर चढून नाचत होती, प्राचार्यांची टाळी ठेक्यात नव्हती पण ते वाजवत होते. मी कांडी फिरवत सुटले. दिव्यांच्या उष्णतेने माझ्या एका तारेची खुंटी किंचित सैल पडली, हे माझ्या बोटांना कळलं होतं. पण त्या गदारोळात, चार भोंगे आणि दोन हजार पायांच्या दणदणाटात, ते कोणाला कळणार होतं? मी तशीच रेटत राहिले.

बाबा टेबलावर वाकले होते. बुवांचा माईक त्यांच्या तोंडासमोर होता, हे त्यांच्या ध्यानात नसावं. आधी त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग मान तिरकी झाली, घरी भोपळ्याला गाल लावताना होते तशी. मग ज्या माणसाने माझी गिटार एकदाही मिळवून दिली नव्हती, ज्याच्या मते तिच्यात बेसूर होण्याइतकाही सूर नव्हता, तो दोन्ही हात हवेत फेकून, चारही भोंग्यांतून, कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या रसवंतीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला,

"अवं पंचम उतरला वं, वैजे! थांब, मी येतो मिळवून द्यायले!"